डिझेलची जुनी गाडी सुरू कां होत नाहीं?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. जन्मभर मुलांस व्याकरण व अंकगणित शिकविणाऱ्या, मॅट्रिकच्या पुढें पाऊल न टाकलेल्या मास्तरानें मोटारीच्या यंत्राविषयीं बोलावें, हा अधिकार त्यास कोणीं दिला? तो अधिकार मला माझ्याच एका चुकीनें दिला आहे.

सन २०१२ च्या जानेवारींतील गोष्ट. त्या वेळीं मी नाशिकास राहत होतों व माझ्यापाशीं डिझेलवर चालणारी एक जुनी अँबॅसडर होती. थंडी कडाक्याची पडली होती. आमच्या जिल्ह्यांतील निफाड तालुका तर थंडीबद्दल साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्धच आहे. त्याच तालुक्यांतील एका खेड्यांत माझे वडील बंधु राहत. पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या घरून दूरध्वनि आला, कीं दादांच्या छातींत कळा येत आहेत, गाडी घेऊन लागलीच या. मी शाल पांघरली, गाडींत बसलों व किल्ली फिरविली. यंत्र घुरघुरलें, पण पेटलें नाहीं. पुन्हां फिरविली, पुन्हां तेंच. मग भीतीच्या भरांत मी किल्ली धरूनच बसलों, आणि दहा मिनिटांच्या आंत ती घुरघुर मंद होत होत थांबली. बॅटरी उतरली. शेजाऱ्यांस उठवून त्यांच्या गाडीनें निघालों, तेव्हां दीड तास गेला होता. आम्ही पोंचण्यापूर्वींच गांवच्या लोकांनीं दादांस दुधाच्या टेंपोंत घालून इस्पितळांत नेलें होतें. ते वांचले. त्यांत माझी कर्तबगारी कांहींच नव्हती.

दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजांतून मनुष्य आला. त्यानें बोनेट उघडलें न उघडलें तोंच निकाल दिला, "पंप गेला. उतरवून दुरुस्तीला पाठवावा लागेल." त्यानें सांगितलेला आंकडा माझ्या महिन्याच्या पगारास भारी होता. मी होकार देणार, इतक्यांत आमच्या आळींतील एक वृद्ध मिस्त्री तेथें येऊन उभे राहिले. त्यांनीं गाडीस हात न लावतां मला तीन प्रश्न विचारले. "मास्तर, सेल्फ जोरानें फिरत होता कां? सायलेन्सरांतून धूर येत होता कां? आणि गाडीला शेवटचा हात कोणीं लावला?" पहिल्या दोहोंचें उत्तर मला देतां येईना, कारण मीं लक्षच दिलें नव्हतें. तिसऱ्या प्रश्नास मात्र मीं मान खालीं घातली. त्याचें कारण पुढें सांगेन. आधीं हे प्रश्न इतके मोलाचे कां, तें पाहूं.

पेट्रोलच्या यंत्रांत इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी असते. डिझेलच्या यंत्रांत ठिणगी नाहीं. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून दांडा जोरानें खालीं-वर केल्यास पंप गरम लागतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. दाबलेली हवा तापते. जर्मन यंत्रज्ञ रूडॉल्फ डिझेल यांनीं हेंच तत्त्व घेऊन १८९२ सालीं पेटंट मागितलें व १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें आपलें यंत्र यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. जुन्या डिझेल मोटारींत सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारें विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते व ५०० अंश सेल्सिअसच्याहि वर तापते. अशा तप्त हवेंत नोझलांतून डिझेलचा बारीक फवारा उडाला कीं तो आपोआप पेट घेतो. म्हणजे या यंत्राच्या मागण्या तीनच: वेग, उष्णता व इंधन. गाडी सुरू होत नाहीं, तेव्हां या तिहींपैकीं काय उणें आहे, एवढेंच शोधावयाचें असतें.

प्रथम वेग. दट्ट्या सावकाश चढला तर दाबलेली हवा फटींतून निसटते व तिची उष्णता थंड लोखंडांत जिरते. म्हणून सेल्फनें यंत्र मिनिटास निदान १५० ते २०० फेरे तरी फिरविलें पाहिजे. सेल्फ रडत असेल, तर पंपाकडे व नोझलांकडे पाहूंच नये. बॅटरीच्या टोंकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे कां, तारा घट्ट आहेत कां, यंत्रापासून गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी जाड तार गंजली आहे कां, हें आधीं पाहावें. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदींच मालवूं लागले तर दोष बहुधा बॅटरींत किंवा तिच्या जोडण्यांत असतो. थंडींत घट्ट होणारें तेल यंत्रांत घातलें असेल, तर तेंहि वेगास मारक ठरतें.

वेग ठीक असेल, तर एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें मागें जाऊन धुराकडे पाहावें. सारें निदान येथें दोन वाटांस फुटतें. धूर मुळींच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोंचतच नाहीं. पांढुरका, डिझेलचा वास असलेला धूर येत असेल, तर डिझेल पोंचत आहे, परंतु पेटत नाहीं. म्हणजे उणीव उष्णतेची आहे.

उष्णतेची उणीव पडूं नये म्हणून जुन्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरपाशीं विजेनें तापणारा एक प्लग असतो. आपले मिस्त्री त्यास हीटर म्हणतात. दुपारीं एका हाकेस ओ देणारी गाडी पहाटे रुसत असेल, तर पहिला संशय हीटरांवर घ्यावा. त्यांची परीक्षा सोपी आहे. प्लगाची तार सोडवावी, १२ व्होल्टच्या लहान दिव्याचें एक टोंक बॅटरीच्या धन टोंकास व दुसरें प्लगास लावावें. दिवा लागला तर प्लगांतील तार तुटलेली नाहीं. कांहीं जुन्या गाड्यांत हे प्लग एकाच सांखळींत जोडलेले असतात. तेथें एक जळाला कीं सारेच थंड पडतात. हीटर चांगले असूनहि पांढरा धूरच येत राहिला, तर मग नोझलें, पंपाची वेळ व शेवटीं झिजलेल्या कड्या व झडपा यांचा विचार करावा. सिलिंडरमधील दाब मोजण्याचें मापक मिळतें. त्याच्या आंकड्यावांचून यंत्र खोलूं देऊं नये.

आतां धूर नसलेल्या गाडीकडे वळूं. टांकींत डिझेल आहे कां, हा प्रश्न विचारण्यास लाजूं नये. त्यानंतर यंत्र बंद करण्याची खुंटी पाहावी. जुन्या गाड्यांत ती ओढून डिझेल तोडावें लागे. ती ओढलेलीच राहिली, तर जन्मभर किल्ली फिरविली तरी गाडी सुरू व्हावयाची नाहीं. कांहीं गाड्यांत हेंच काम विजेची झडप करते. तिची तार निखळली तरी परिणाम तोच. मग फिल्टर, आणि त्यापुढें या गाड्यांचा सर्वांत मोठा वैरी, म्हणजे हवा.

डिझेल दाबून लहान होत नाहीं, हवा होते. नोझल उघडण्यास वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब लागतो. नळींत बुडबुडा शिरला कीं पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांत खर्च होतो व नोझल मिटलेलेंच राहतें. यासच मिस्त्री "गाडीनें एअर घेतली" असें म्हणतात. उपाय असा, कीं फिल्टरवरील व पंपावरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित् सैल करून हातपंपाची दांडी हलवावी. प्रथम फेंसाळ डिझेल येतें. बुडबुडे संपून सलग धार लागली कीं स्क्रू आवळावा. परंतु चालत्या नोझलाच्या फवाऱ्यापुढें बोट कधींहि धरूं नये. तो कातडी भेदून आंत शिरतो व ती जखम फार घातक असते. तसेंच हीटर असलेल्या यंत्रांत ईथरचा फवारा मारूं नये; स्फोट होऊन यंत्र फुटण्याचें भय असतें. आणि सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांपेक्षां अधिक न मारतां मध्यें विसांवा द्यावा. हा नियम त्या पहाटे मला ठाऊक असता, तर बॅटरी तरी वांचली असती.

आतां माझी मान खालीं कां गेली तें सांगतों. त्या पहाटेच्या आदल्याच सायंकाळीं, मजुरीचे पैसे वांचावे म्हणून, डिझेलचा फिल्टर मीं स्वतः बदलला होता. गाडी सुरू करून पाहिली, ती चालली, आणि मी स्वतःवर खूष होऊन झोंपलों. मिस्त्रींनीं फिल्टरच्या कडेवरून बोट फिरविलें. बोटास ओल लागली. मग त्यांनीं नव्या फिल्टरचें रिकामें खोकें मागितलें. त्याच्या तळाशीं नवी रबरी कडी तशीच पडलेली होती! मीं जुनी, कडक झालेली कडीच पुन्हां बसविली होती. रात्रभर तिच्या फटींतून हवा आंत शिरत गेली व डिझेल टांकीकडे उतरत गेलें. मिस्त्रींनीं कडी बदलली, हवा काढली, दुसरी बॅटरी जोडली, आणि गाडी सुरू झाली. पंपास कांहींहि झालें नव्हतें.

गॅरेजच्या माणसानें मला विचारलें नाहीं, हा त्याचा दोष. परंतु मीं त्यास सांगितलें नाहीं, हा दोष माझा, आणि तो मोठा. मीं खोटें बोललों नव्हतों. फक्त लाजेनें गप्प राहिलों होतों. गणित चुकलेला मुलगा पाटी उलटी धरतो, तेव्हां मीं कित्येकदां त्यास रागें भरलों आहें. चूक बहुधा पहिल्या ओळींतच असते, आणि ती ओळच तो झांकून ठेवतो. त्या दिवशीं मींहि तेंच केलें.

अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं उत्तरपाडा येथें थांबलें. नव्या डिझेल गाड्यांचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाहते, व त्यांचे दोष वाचण्यास वेगळें उपकरण लागतें. तथापि प्रश्नांचा क्रम बदललेला नाहीं. सोपें आधीं, अवघड मागाहून. फुकटचें आधीं, खर्चाचें शेवटीं. आणि सर्वांच्या आधीं, शेवटचा हात कोणाचा लागला, याचें खरें उत्तर.

दादा त्यानंतर सात वर्षें जगले. घरांत कोणाचें कांहीं बिघडलें व मी घाईनें मत देऊं लागलों, कीं ते खाटेवरून म्हणत, "मास्तर, धूर पाहिलास कां?"