अंगणवाडीत जाताना पोराला काय घालावे?

(पालकांच्या सभेत केलेले भाषण)

आयाबायांनो, आणि मागे खांबाला टेकून बसलेल्या बापयांनो,

आज मी पोरांच्या कपड्यांविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "बाई, त्यात काय बोलायचं? घरात असंल ते घालायचं." खरे आहे. पण ज्याच्या घरी दोनच जोड आहेत, त्याने तर जास्तच विचार करावा.

तीन ते सहा वर्षांचे पोर अंगणवाडीत जाते. तिथे ते शिकते. कशाने शिकते? खेळाने. ते पळते, चढते, ठोकळे रचते, मातीचा बैल करते. पावसाळ्यात तर हा सगळा खेळ एका खोलीतच चालतो. म्हणून सकाळी कपडा घालताना मनाला एकच प्रश्न विचारा. हा कपडा घालून माझे पोर मोकळेपणी खेळेल का?

आता बघा. एखादी आई हौसेने लेकीला झालरीचा नवा फ्रॉक घालते. दारातच दम देते, "मळवलास तर बघ!" मग ती पोर काय करते? भिंतीला टेकून उभी राहते. बाकीची मुले माती कालवतात, ही नुसती बघते. फ्रॉक स्वच्छ राहतो, पण पोरीचा दिवस फुकट जातो. आईला वाटते, लेक किती शहाणी! अहो, ती शहाणी नाही. ती भ्यालेली आहे.

कपडा पोरासाठी आहे. पोर कपड्यासाठी नाही. मळलेला कपडा नदीवर धुऊन निघतो. गेलेला दिवस धुऊन परत येत नाही.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "मग मळकंच पाठवायचं का?" तसे नव्हे. मळखाऊ कपडा आणि मळका कपडा यांत फरक आहे. कपडा जुना असू द्या, ठिगळ लावलेला असू द्या, पण धुतलेला असू द्या. ओला कपडा मात्र घालू नका. ओल्या चड्डीने जांघेत खाज सुटते, चट्टे उठतात.

ही अंगणवाडी कुठून आली, ते थोडे सांगते. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली पोरे बालवाडीत येईनात. मग या बायांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने बालविकासाची योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली. आज गावोगाव अंगणवाडी आहे. ती मुळात गरिबाच्या अंगणात निघाली. तेव्हा तिथे जायला भारी कपडे लागतील कसे?

आता नाडीची गोष्ट ऐका. हसू नका, बायांनो. पुष्कळ पोरांचे रडे या नाडीत असते.

आई चड्डीच्या नाडीला घट्ट गाठ मारते. चड्डी घसरू नये, हा तिचा हेतू. पोराला लघवी लागते. त्याला गाठ सुटत नाही. ते लाजते, कोणाला सांगत नाही. शेवटी चड्डी ओली होते. बाकीची पोरे हसतात. दुसऱ्या दिवशी ते पोर म्हणते, "मी जाणार न्हाई." बाप म्हणतो, "पोरगं हट्टी आहे." आई म्हणते, "बाई मारत असंल." कोणी मारलेले नसते. गाठ सुटली नाही, एवढेच झालेले असते. पण तेवढ्यावरून पोराचे शिक्षण तुटते.

म्हणून चड्डी अशी द्या, की पोराला स्वतःच्या हाताने वरखाली करता येईल. कमरेला सैलसर इलॅस्टिक असावे. पोटावर वळ उठला, तर ते घट्ट आहे असे समजा. सदऱ्याची बटणे पुढे असावीत, मोठी असावीत, थोडी असावीत. पाठीवरचे बटण पोराला लावता येत नाही.

इटली देशात माँटेसोरी नावाच्या बाई होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहरातल्या गरीब वस्तीत मुलांसाठी एक घर उघडले. त्यांनी पोरांना एक गमतीचा खेळ दिला. लाकडाची चौकट, आणि तिला दोन बाजूंनी कापड. एका चौकटीला बटणे, दुसरीला नाड्या. पोरे ती लावीत आणि सोडीत. खेळता खेळता आपले कपडे आपण घालायला शिकत. आपल्याला चौकट कशाला? बापाचा जुना सदरा पोरापुढे ठेवा आणि म्हणा, "लाव बघू बटणं." त्याला वेळ लागेल. लागू द्या. वरचे बटण खालच्या काजात जाईल. जाऊ द्या. हातातून ओढून घेऊ नका.

आता मुलींविषयी. मुलगा चड्डी घालून शिडीवर चढतो. मुलीला पायघोळ परकर घालतात आणि म्हणतात, "तुला चढता येत नाही!" परकर पायात अडकतो, ती पडते, आणि बोल तिलाच लागतो. लहान मुलीला गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक आणि आत चड्डी घाला. नाहीतर सरळ सदरा-चड्डी घाला. तिलाही हातपाय आहेत. तिलाही उंचावरून खाली बघू द्या.

कापड सुती बरे. ते घाम टिपते. नायलॉनच्या कपड्यात उन्हाळ्यात जीव कोंडतो. शिवाय त्याने पेट घेतला तर ते वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापडही पेट घेतेच. म्हणून खिचडी शिजते तिथे पोरांना जाऊ देऊ नये, मग अंगावर काहीही असो. थंडीत एकच जाड अंगरखा घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे घाला. पळून अंग तापले, की वरचा काढता येतो.

पायांचे काय? रस्त्याने जाताना आणि संडासला जाताना चप्पल हवी. ओल्या, घाणेरड्या मातीत जंतांची बारीक पिल्ले असतात. ती अनवाणी पायाच्या कातडीतून अंगात शिरतात आणि पुढे आतड्यात राहून रक्त पितात. खोलीत मात्र चप्पल दाराबाहेर काढावी. गुळगुळीत फरशीवर साधे मोजे घालून पळू नये, पाय सटकतो. पुण्यामुंबईकडे मोठ्या दुकानांच्या इमारतींत मुलांची खेळघरे निघाली आहेत. तिथे तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे घालायला लावतात. आपल्याला त्याची गरज नाही. कोरड्या फरशीवर उघडा पाय चांगला रोवतो.

आता जिवाची गोष्ट. ही नीट ऐका.

गळ्यात काही नको. साखळी नको, मण्यांची माळ नको, काळा दोरा नको, टोपीची लोंबती नाडी नको. पोर घसरगुंडीवरून खाली येते. दोरा वर खिळ्याला अडकतो. पोर खाली, दोरा वर, आणि मध्ये गळा. फास बसायला वेळ लागत नाही. युरोपात २००४ साली यासाठी नियम ठरवला. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्यापाशी आणि टोपीला नाडी लावायची नाही.

आजीबाई म्हणतील, "ताईत काढू कसा? दृष्ट लागंल." आजी, तुमच्या मायेला मी नाही म्हणत नाही. खेळाच्या वेळेपुरता तो देव्हाऱ्यात ठेवा. घरी आल्यावर घाला.

पैंजणाचा घुंगरू तुटतो. डुलाचा मणी गळतो. झबल्याची पिन निघते. लहान पोर सापडेल ते तोंडात घालते, आणि त्याची श्वासाची नळी अरुंद असते. म्हणून दागिने घरी ठेवा. सैल झालेले बटण आज रात्रीच पक्के शिवा. पिनेऐवजी दोन टाके घाला.

तरी कधी पोराच्या घशात काही अडकले, तर काय करावे? ते जोराने खोकत असेल तर खोकू द्या. खोकता येत नसेल, आवाज निघत नसेल, तर त्याला पुढे वाकवा. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा जोराने ठोका. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्याला लगेच १०८ वर फोन करायला सांगा.

बापयांनो, हे काम एकट्या बाईचे नाही. बाजाराला जाल तेव्हा झगमगीत कपड्यापुढे थांबू नका. पोराला घेऊन जा. कपडा अंगाला लावा आणि त्याला म्हणा, "हात वर कर, खाली बस, ऊठ." कुठे ताणत नसेल तर घ्या. एक बोट वाढीव घ्या, हातभर वाढीव घेऊ नका. पायात येणारा कपडा पाडतो.

शेवटी एक काम सांगते. पिशवीत एक जादा चड्डी द्या. पोरांचे कपडे एकसारखे असतात, त्यांची अदलाबदल होते. मग दोन घरांत भांडण. यावर उपाय तुमच्याच हातात आहे. तुम्ही आता अक्षरे शिकलात. पोराच्या नावाचे पहिले अक्षर रंगीत दोऱ्याने कपड्याच्या आतल्या बाजूला काढा. गणूचा 'ग', सखूचा 'स'. कपडा हरवणार नाही. आणि पोर रोज कपडा घालताना ते अक्षर बघेल, विचारील, "आई, हे काय?" तेव्हा तुम्ही सांगा, "हा ग. हे तुझं अक्षर. मी काढलं."