कागदाचा खांब

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



देणगीबद्दल आधीचे वक्ते बोलले आहेत, म्हणून मी गेल्या दिवाळीनंतर आपल्या शाळेत नववीच्या मुलांबरोबर घालवलेल्या तीन शनिवारांबद्दल सांगतो. खर्च झाला एक रीम कागद आणि थोडी चिकटपट्टी.

काम असं होतं. ए-फोर आकाराचा एकच कागद घ्यायचा आणि त्यातून २१ सेंटिमीटर उंच खांब करायचा. वर पुठ्ठा ठेवून खांब मोडेपर्यंत एकेक पाठ्यपुस्तक चढवायचं. ८० जीएसएमचा असा कागद ५ ग्रॅम भरतो. खांबाने स्वतःच्या वजनाच्या किती पट पेललं, त्यावर नंबर. म्हणजे कागद कापून खांब हलका करायलाही मुभा होती.

पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त मुलांनी चौकोनी खांब केले. त्यांचं बरोबरच आहे, बिल्डिंगचे कॉलम चौकोनी दिसतात. पण कागदाची सपाट बाजू ओझ्याखाली लगेच पोट काढते आणि कोपरे एकटे पडतात. मग नळ्या आल्या. एकीने एकाच वेढ्याची रुंद नळी केली, ती काठापाशी चुरगळली. एकाने पेन्सिलीएवढी घट्ट सुरळी केली, ती मधोमध धनुष्यासारखी वाकली. सगळ्यात जास्त ओझं घेतलं दोन-तीन वेढ्यांच्या नळ्यांनी. एका गटाने नळीच्या आत कागदी कडी बसवली. कुठून सुचलं विचारलं, तर म्हणाले, बांबूला पेरं असतात ना! ओझरला ज्या मिग विमानांची बांधणी झाली, त्यांच्या अंगातही पातळ पत्र्याला आतून असाच आधार असतो. ते सांगितल्यावर त्या गटाची कॉलर दोन दिवस ताठ होती.

मोडलेला खांब टाकायचा नाही, असा माझा नियम होता. तो वहीत चिकटवायचा आणि शेजारी लिहायचं, कुठे मोडला आणि कसा मोडला. कोणाचा जिंकला यापेक्षा मला त्या वह्या महत्त्वाच्या वाटतात. पांडवलेण्यातले खांब आपण सहलीत मोजले होते, पण ते डोंगरातूनच कोरलेले. आपल्याला खांब उभे करावे लागतात, आणि उभा केलेला बारीक खांब सहसा चिरडून मरत नाही, वाकून मरतो. त्याचं गणित ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली मांडलं: जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर ताकद निम्मी होत नाही, पाव होते. मुलांनी सुरळीला सुरळी जोडून पाहिलं. पुस्तकं इतकी कमी चढली की वर्गात हशा झाला.

एक मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील सेंट्रिंगची कामं करतात. तो म्हणाला, "सर, पप्पा मधे आडव्या पट्ट्या मारतात." मी म्हटलं, करून दाखव. त्याने चार उंच खांब उभे केले आणि अर्ध्या उंचीवर एकमेकांना पट्ट्यांनी बांधले. ओझं चढवल्यावर चारही एकाच बाजूला झुकले. मग त्याने तिरक्या पट्ट्या लावल्या, आणि खांब उभे राहिले. मध्यावर धरलेला खांब वाकायच्या हिशोबाने निम्म्या लांबीचा होतो, म्हणजे त्याची ताकद चौपट. हे त्याला सूत्राशिवाय कळलं होतं, त्याच्या घरात ते रोजचं आहे.

आता बाहेर बघा. गंगापूर रोडला जा, पाथर्डी फाट्याला जा, कुठे ना कुठे स्लॅब पडतोय आणि खाली निलगिरीच्या बल्ल्या उभ्या आहेत. पाच इंची स्लॅबचं ओलं काँक्रीट दर चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भरतं. वर माणसं, घमेली, व्हायब्रेटर वेगळे. खाली पार्किंगचा उंच मजला असला की बल्ल्या लांब लागतात. आडव्या-तिरक्या पट्ट्या राहिल्या तर बाहेरून कामात काहीच कमी दिसत नाही. बल्ल्या तेवढ्याच असतात, जाडही तेवढ्याच असतात. आणि त्यांच्यामधून माणसं ये-जा करत असतात. आपल्यात निदान चारपाच जण बिल्डर आहेत, दोघं आर्किटेक्ट. पुढच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी खाली उतरून पट्ट्या स्वतः मोजा. सुपरवायझरच्या फोटोवर जाऊ नका.

यंदाही तीन शनिवार ठरले आहेत. चौथ्या शनिवारी मुलांना दिंडोरी रोडला ‘मेरी’त न्यायचं मनात आहे, काँक्रीटचे ठोकळे दाबून कसे फोडतात ते पाहायला. मुख्याध्यापिकाबाई पत्र देणार आहेत. मला सकाळी आठ ते दहा येणारी दोन माणसं हवीत; इंजिनिअरच पाहिजे असं नाही. आणि घरातली जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीत घालू नका, शाळेत आणून द्या. वजनं कमी पडतात.