सायकलीवरील ओझे

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे तालुक्याचे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेला वसलेले आहे. एकीकडे उसाचे मळे आणि चलथाणचा सहकारी साखर कारखाना, तर दुसरीकडे कडोदऱ्यापासून पसरत आलेल्या कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या, असा हा मुलूख आहे. बारडोली, व्यारा, नवापूर या वाटेने धुळे-नंदुरबारकडची कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी या भागात येऊन राहिली आहेत. मोटारसायकली वाढल्या हे खरे. तरीही ज्याच्या मिळकतीत पेट्रोल बसत नाही, त्याचा आधार आजही सायकल हाच आहे. पाळी बदलण्याच्या वेळी मोठमोठ्या मालमोटारींच्या शेजारून, रस्त्याच्या अगदी कडेने, ही माणसे सायकलीवरून जाताना दिसतात.

त्यांतील क्वचितच कोणी रिकामा असतो. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे हे तर रोजचेच. पगाराच्या दिवशी त्यात दहा किलो तांदूळ, तेलाचा डबा आणि कांदे-बटाट्यांची पिशवी यांची भर पडते. सायकल विकत घेताना माणूस रंग पाहतो, टायर दाबून पाहतो, घंटी वाजवून पाहतो. पण हे सारे सामान ठेवायचे कोठे, हा प्रश्न बहुधा घरी आल्यावरच त्याच्यापुढे उभा राहतो. हल्लीच्या जाड टायरांच्या पुष्कळ सायकली तर कॅरियरवाचूनच विकल्या जातात. मग पिशवी हँडलला अडकते, आणि धोक्याला तेथूनच आरंभ होतो.

हँडलला लटकलेली पिशवी स्वस्थ राहत नाही. प्रत्येक पेडलाबरोबर ती झोका घेते आणि प्रत्येक झोक्याबरोबर हँडल किंचित ओढले जाते. एका बाजूस पाच किलो वजन असले, की चालवणाऱ्याचा एक हात केवळ तोल सावरण्यातच गुंतून पडतो. ब्रेक दाबण्याची वेळ आली म्हणजे तो हात हवा तितक्या चपळाईने मोकळा होत नाही. आणि पिशवीचा बंद किंवा कोपरा पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेला, तर चाक जागच्या जागी थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. गावातल्या गल्लीत याचा अर्थ फुटलेला गुडघा एवढाच होईल. महामार्गावर, मागून मालमोटार येत असताना, त्याचा अर्थ काय होईल हे सांगावयास नको.

वास्तविक ओझे कसे लादावे, हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. रेल्वे येण्यापूर्वी वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस चालत. त्यांच्या गोणी बैलाच्या पाठीवरून दोन्ही अंगांस सारख्या लोंबत. एक बाजू जड झाली, तर बैलाची पाठ सोलवटते आणि तो वाटेत बसतो, हे त्या लोकांना पुरते ठाऊक होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खांद्यावरची पडशी हाही त्याच विचाराचा लहानसा नमुना होय : एक तोंड पुढे, एक मागे, आणि वजन दोन्हीकडे समसमान. आज परदेशी प्रवासी सायकलीच्या मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस ज्या पिशव्या अडकवतात, त्या म्हणजे नव्या कापडाची पडशीच म्हणावयाची. तेव्हा नियम तीन : ओझे खाली असावे, दोन्हीकडे सारखे असावे आणि ते जराही हलू नये.

आता कॅरियरचा विचार करू. पूर्वापार चालत आलेल्या काळ्या, उंच सायकलीच्या पुढच्या चाकास ३२ आणि मागच्या चाकास ४० आरे असतात. हा फरक उगाच ठेवलेला नाही. बसणाऱ्याचे बहुतेक वजन मागच्या चाकावर पडते, आणि ओझेही तेथेच लादले जाणार, हे करणाऱ्यांनी आधीच धरून ठेवले होते. म्हणून रोजच्या कामास मागचा कॅरियर हाच योग्य. मात्र तो कशाच्या आधारावर उभा आहे, हे निरखून पाहावे. ज्या कॅरियरचे पाय थेट मागच्या चाकाच्या आसापाशी येऊन घट्ट बसतात, त्याचे वजन सरळ चाकावर उतरते. उलट, काही दिखाऊ कॅरियर केवळ बैठकीच्या दांडीला आवळलेले असतात व त्यांना खालून पाय नसतात. ते फळीसारखे अधांतरी असतात. डब्यापुरते ते ठीक. पण धान्याचे पोते ठेवले, की खड्ड्यागणिक ते खाली वाकतात किंवा दांडीभोवती फिरतात.

लोखंडी कॅरियर घ्यावा की ॲल्युमिनियमचा, असाही प्रश्न असतो. ॲल्युमिनियम हलके आणि न गंजणारे आहे, ही गोष्ट खरी. परंतु वारंवार हादरे बसून ते चिरले, तर ते जोडणे साध्या वेल्डिंगवाल्याचे काम नव्हे. लोखंड जड असते, पावसाळ्यात गंजते; पण ते बहुधा आधी वाकून सूचना देते, आणि रस्त्यावरचा कोणताही कारागीर ते घटकाभरात सांधून देतो. ज्याची दुसऱ्या दिवसाची हजेरी सायकलीवर अवलंबून आहे, त्याने हलकेपणापेक्षा दुरुस्तीच्या सोयीकडे पाहावे. चांगल्या कॅरियरवर वजनाची मर्यादा कोरलेली असते. प्रवासी सायकलींच्या मागील कॅरियरवर ती पुष्कळदा २५ किलो असते. हा आकडा शोभेचा नव्हे. त्यावर माणूस बसवणे म्हणजे त्या मर्यादेच्या दुप्पट-अडीचपट भार घालणे होय.

कॅरियर भक्कम असला तरी वजन कोठे ठेवावे, याला महत्त्व आहेच. जड वस्तू बैठकीच्या जवळ, आसाच्या वर किंवा किंचित पुढे असावी. ती आसाच्या फार मागे गेली, तर तरफेच्या न्यायाने पुढचे चाक हलके होते, चढावर ते उचलू पाहते आणि वळणावर सायकल शेपटी हलवू लागते. दोन्ही अंगांस पिशव्या लावताना पेडल एकदा हाताने पूर्ण फिरवून, पाय ठेवून पाहावे. टाच पिशवीला लागत असेल, तर पिशवी थोडी मागे सरकवावी.

पिशवीच्या कापडाचेही असेच आहे. जाड कॅनव्हासची पिशवी घासण्यास टिकते आणि फाटली तर घरी शिवता येते. पण जून ते सप्टेंबर या पावसात ती पाणी पिऊन जड होते. गुळगुळीत प्लास्टिकचा लेप दिलेले कापड पाणी अडवते. मात्र शिवणीतून पाणी शिरते, म्हणून झाकण गुंडाळून बंद होणारी पिशवी बरी. ज्याला तिचा खर्च परवडत नाही, त्याने खताची स्वच्छ धुतलेली दोन पोती जाड पट्ट्याने जोडून कॅरियरवर आडवी टाकावीत आणि आतल्या वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळाव्यात, काम भागते. पोत्याची चाकाकडची बाजू मात्र आऱ्यांत ओढली जाऊ नये म्हणून तेथे पातळ फळी किंवा जाळी बांधणे अगत्याचे आहे. बांधण्यासाठी जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीसारखी वस्तू नाही. ती ताणली जाते, पकडते, आणि सुतळीप्रमाणे हादऱ्याने सैल पडत नाही. तिचे टोक मात्र लोंबते ठेवू नये.

याच साधेपणाचा कळस पाहावयाचा तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी आरंभिलेल्या या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली. स्टेशनापासून कचेरीपर्यंत त्यांची साधी काळी सायकल डब्यांनी दोन्ही अंगांस लगडलेली असते. उंच रचण्यापेक्षा बाजूंना टांगणे, आणि एका बाजूस टांगले की दुसऱ्या बाजूस तितकेच टांगणे, ही त्यांची रीत. वंजाऱ्याच्या गोणींचीच ती पुढची पिढी होय.

आणि ओझे मर्यादेपलीकडे गेले, तर काय करावे? याचे उत्तर व्हिएतनाममध्ये सापडते. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईच्या वेळी तेथील हमालांनी सायकलींवर प्रत्येकी दोनशे किलोंच्या आसपास तांदूळ व दारूगोळा डोंगरांतून वाहून नेला. सांगाडे बळकट करून, हँडलला लांब बांबू बांधून त्यांनी ते साधले; पण त्या सायकलींवर कोणी बसले नाही. त्या ढकलत नेल्या. जड ओझे असताना सायकलीवरून उतरून चालणे यात कमीपणा नाही, एवढा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे कॅरियरवर सर्वांत मौल्यवान ओझे ठेवले जाते, ते म्हणजे मूल. नुसत्या कॅरियरवर बसलेल्या मुलाचा पाय लोंबत असतो, आणि तो आऱ्यांत जाऊन घोटा चिरडल्याच्या घटना डॉक्टरांना नव्या नाहीत. मुलाला न्यावयाचेच असेल, तर पाठीला टेकू आणि पायांना आधार असलेली लहान बैठक बसवून घ्यावी व चाकाच्या दोन्ही बाजू जाळीने झाकाव्यात. आईच्या साडीचा पदरही त्याच जाळीमुळे वाचतो.

हे सारे करावयास फार पैसा लागतो असे नाही. लागते ती आठवड्यातून पाच मिनिटांची नजर. रविवारी पाना घेऊन कॅरियरचे चारही नट तपासावेत. सैल होत असतील तर स्प्रिंग वॉशर घालावेत. पिशव्या लावल्यावर मागचे तांबडे परावर्तक झाकले जात नाही ना, हे चार पावले मागे जाऊन पाहावे. झाकले जात असेल, तर ते पिशवीच्या मागे हलवावे. पलसाण्याच्या रस्त्यावर रात्रपाळी संपवून घरी निघालेला मनुष्य मालमोटारीच्या चालकाला त्या एवढ्याशा तांबड्या ठिपक्यावरूनच दिसतो. पिशवीत आणलेला तांदूळ चुलीपर्यंत पोहोचावा, तसा तो आणणाराही घरी पोहोचावा. चांगल्या कॅरियरचे आणि नीट बांधलेल्या पिशवीचे प्रयोजन एवढेच आहे.