मुनीम नसलेली वही



चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून चलनाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. कारण असे झाले की, गेल्या वर्षी युनियनच्या कचेरीत एक सेवानिवृत्त सभासद आला. ग्रॅच्युइटीतले 2 लाख रुपये त्याने कुठल्याशा 'कॉइन'मध्ये घातले होते आणि ते परत मिळत नव्हते. म्हणाला, "दादा, हा बिटकॉइनचाच धाकटा भाऊ आहे म्हणून सांगितले होते." तेव्हा थोरला भाऊ कोण, ते समजून घेणे आम्हांला भागच पडले.

कामगाराच्या जन्मात वहीला फार मोल आहे. एका कारखान्यात, नाव घेत नाही, 14 महिने पगारातून फंड कापला जात होता आणि खात्यात छदामही जमा होत नव्हता. वही मालकाच्या कपाटात. ती नुसती पाहायला मिळावी म्हणून आम्ही 9 दिवस फाटकाबाहेर बसलो. बँक असो, पेढी असो की गल्लीतली भिशी. पैसा म्हणजे कोणाच्या तरी वहीतला आकडा, आणि वही ज्याच्या हाती त्याच्यावर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. बिटकॉइनची सारी करामत एवढ्याच गोष्टीपाशी आहे.

31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या नावाने 9 पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव कोणाचे, ते अद्याप सिद्ध झालेले नाही. 3 जानेवारी 2009 ही वहीच्या पहिल्या पानाची तारीख. ही वही कोणा एकाच्या कपाटात नाही. जगभर हजारो संगणकांवर तिची पहिल्या पानापासूनची नक्कल आहे. पैसे द्यायचे म्हणजे आपल्या गुप्त किल्लीने तशा मजकुरावर सही करायची आणि तो शेजारच्या संगणकांना कळवायचा. शेजारी पाहतो, सही खरी आहे काय, आणि हेच पैसे आधी दुसऱ्या कोणाला दिलेले तर नाहीत ना? ठीक असेल तर पुढच्याला सांगतो.

पण एखाद्या लबाडाने तेच नाणे एकाच वेळी दोघांना दिले, तर खरे कोणते? मते घ्यावीत, तर एकच माणूस हजार संगणकांच्या नावांनी मतदान करील. खोट्या सभासदांच्या पावत्या फाडून निवडणूक जिंकणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत! म्हणून नाकामोतोने मत माणसाला दिले नाही, श्रमाला दिले.

पान भरणारे संगणक नवे व्यवहार गोळा करतात, त्यांत मागच्या पानाचा ठसा घालतात आणि एक आकडा बदलत बदलत नव्या पानाचा ठसा काढतात. ठसा म्हणजे एक लांबलचक संख्या. मजकुरातले एक अक्षर हलले तरी ती पार बदलते. ती ठरलेल्या मर्यादेहून लहान यावी लागते. हुकमी काढता येत नाही. कुलपाला एकेक किल्ली लावून पाहावी तसे अगणित वेळा करून पाहावे लागते. ज्याला जमले तो पान जाहीर करतो. तपासणाऱ्यांना मात्र क्षणही लागत नाही. सरासरी 10 मिनिटांना एक पान पडते. यंत्रे वाढून पाने लवकर पडू लागली, तर दर 2016 पानांनंतर कोडे आपोआप अवघड होते, यंत्रे घटली तर सोपे. दोन पाने एकदम निघालीच, तर ज्या बाजूला पुढे अधिक श्रम साचतात ती वही खरी. जुने पान फिरवू पाहणाऱ्याला त्यापुढची सगळी पाने नव्याने, आणि इतर सर्वांहून वेगाने, भरावी लागतील.

इंग्रजीत याला खाणकाम म्हणतात. नाव ऐकताच आम्ही मजुरी विचारली. आरंभी पानामागे 50 नवे बिटकॉइन मिळत. दर 2,10,000 पानांनंतर ते निम्मे होतात. एप्रिल 2024 मध्ये मजुरी 3.125 वर आली, वर देणाऱ्यांचे शुल्क. एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांपुढे जायची नाहीत. दर चार वर्षांनी निम्मी मजुरी कबूल करणारा कामगार कुठला? पण इथे कामगार नाहीच. यंत्र आहे, आणि यंत्राचा मालक आहे.

म्हणजे मालक मागच्या दाराने आलाच. 2014 च्या जूनमध्ये जीहॅश नावाच्या एकाच गटाकडे जवळजवळ निम्मी शक्ती गोळा झाली. निम्म्याहून अधिक शक्तीचा धनी दुसऱ्याची सही करू शकत नाही. पण आपण दिलेले पैसे फिरवू शकतो, इतरांचे व्यवहार अडवू शकतो. बोभाटा झाला, गटातले लोक पांगले. पुढे 2017 मध्ये, पान केवढे असावे यावरून भांडण जुंपले. बडे यंत्रवाले पुष्कळसे मोठ्या पानाच्या बाजूचे. अखेर 1 ऑगस्टला फुटून निघालेल्यांनी 'बिटकॉइन कॅश' ही वेगळी चूल मांडली. जुनी वही चालूच राहिली. यंत्र कितीही मोठे असो, नियमाबाहेरचे पान साधे वही राखणारे स्वीकारीतच नाहीत. हे आम्हांला आवडले. यंत्रे एखाद्या देशाला पुरेल एवढी वीज खातात, ते नाही आवडले.

त्या सभासदाला आम्ही विचारले, "तुझ्या नाण्याची वही कुठे आहे?" त्याने मोबाईल दाखवला. त्यात दर आठवड्याला वाढत गेलेले आकडे होते. ते कोण लिहितो, त्याला ठाऊक नव्हते. थोरल्या भावाकडे त्याचे पैसे सुखरूप राहिले असते, असे आम्ही म्हणत नाही. तिथे भाव कोसळतो, आणि किल्ली हरवली तर अर्ज द्यायला कचेरी नाही. पण वही तरी उघडून पाहता येते. आम्ही त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. फिर्यादीत आरोपीचे नाव काय लिहावे, हे ठरविण्यातच एक तास गेला.