अत्यवस्थ बालकाच्या उशाशी

मोठ्या रुग्णालयांत एखाद्या मजल्याच्या टोकाशी काचेचे एक दार असते. दाराबाहेरच्या बाकावर चार-दोन माणसे बसलेली असतात. कोणाच्या मांडीवर जेवणाचा डबा असतो, पण तो उघडलेला नसतो. कोणाच्या हातात लहान मुलाचे टोपडे असते. दार उघडले, की ही सारी माणसे एकदम उठून उभी राहतात आणि बाहेर आलेली परिचारिका आपल्यासाठी आलेली नाही असे कळले, की पुन्हा खाली बसतात. त्या दाराआड मुलांचा अतिदक्षता विभाग असतो. माझे बहुतेक आयुष्य त्या दाराच्या आतल्या बाजूस गेले. परंतु तेथील शुश्रूषा कशी सुधारली आणि अजून कोठे सुधारावयास हवी, हे सांगताना मला वारंवार दाराबाहेर यावे लागणार आहे.

अतिदक्षता विभाग म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे उभी राहतात. पण ह्या विभागाचा जन्म यंत्रांच्या तुटवड्यातून झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात ज्यांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडले आहेत असे रुग्ण येऊ लागले. त्यांत मुलांचा भरणा फार मोठा. सबंध शरीर आत घेणारे लोखंडी फुप्फुस रुग्णालयापाशी एकच होते आणि छातीवर बसवावयाची लहान श्वसनयंत्रे अवघी सहा. यंत्रांच्या आधारावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले.

अशा वेळी ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञास पाचारण करण्यात आले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर निपचित पडलेल्या माणसाचा श्वास हातातल्या रबरी पिशवीने चालू ठेवणे, हे त्याचे रोजचे काम होते. जे टेबलावर दोन तास करता येते, ते खाटेवर दोन महिने का करता येऊ नये, असा साधा प्रश्न त्याला पडला. २७ ऑगस्ट रोजी, बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली आणि इब्सेनने रबरी पिशवी दाबावयास आरंभ केला. मुलगी वाचली. मग प्रश्न उभा राहिला, की ह्या पिशव्या दाबावयाच्या कोणी? ते काम वैद्यकीचे विद्यार्थी करू लागले. पाळ्या लावून, रात्रंदिवस, एकेका रुग्णाच्या उशाशी बसून ते हाताने श्वास देत राहिले. एके काळी एकाच वेळी सत्तर रुग्ण अशा रीतीने जगत होते. साथ ओसरेपर्यंत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी हे काम केले आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात पंचवीसच्या आसपास खाली आले. पुढील वर्षाच्या अखेरीस इब्सेनने कोपनहेगनमध्येच अशा रुग्णांसाठी एक कायमचा कक्ष उभारला. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ ते.

केवळ मुलांसाठी असा कक्ष १९५५ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे गोरान हाग्लुंड ह्यांनी सुरू केला. मुलांना वेगळा कक्ष कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. नवजात बालकाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते. तिच्या अस्तरावर मिलिमीटरभर सूज चढली, तर मोठ्या माणसाचा घसा बसेल. बाळाचा श्वास कोंडतो. तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे पाव लिटरच रक्त असते. तपासणीसाठी वारंवार काढलेले थोडे थोडे रक्तदेखील त्याला जड जाते. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि हिशेबात दशांशचिन्ह एक घर सरकले, तर बाळाला दसपट औषध जाते. शिवाय मुलाचे हृदय मोठ्या माणसापेक्षा अधिक वेळ तोल सावरून धरते. आजार वाढत असतो, पण रक्तदाब ठीक दिसतो; आणि मग तो तोल एकाएकी सुटतो. म्हणून मुलांच्या कक्षात मॉनिटरवरचे आकडे पाहणाऱ्या माणसाइतकेच मुलाकडे पाहणारे माणूसही लागते.

अशा पाहणाऱ्या माणसाचे एक उदाहरण आपल्या कोकणातले आहे. लाल विंचवाचा दंश हा तिकडच्या लहान मुलांचा काळच होता. दंशानंतर मुलाला वांत्या होत, अंग घामाने निथळे, हातपाय गार पडत आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस येई. १९७० नंतरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड परिसरातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे अतिदक्षता विभाग कोठचा? ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. कोणत्या तासाला नाडी कशी होती, रक्तदाब किती होता, घाम केव्हा थांबला, ह्याच्या नोंदी त्यांनी केल्या. त्या निरीक्षणांस १९८२ साली ‘लॅन्सेट’ ह्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात स्थान मिळाले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो, हे ध्यानी आल्यावर त्यांनी रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन ह्या साध्या गोळीचा उपयोग सुरू केला. फुप्फुसांत पाणी झालेले रुग्ण पूर्वी शंभरात पंचवीस ते तीस दगावत; त्यांच्या नोंदींप्रमाणे हे प्रमाण पुढे एकाहूनही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. अत्यवस्थ मुलाची खरी शुश्रूषा शहरातील काचेच्या दाराआडच सुरू होते असे नाही, एवढेच मला ह्यावरून सांगावयाचे आहे.

श्रोतेहो, सुधारणा म्हणजे नेहमी काहीतरी अधिक करणे, अशी आपली समजूत असते. ह्या क्षेत्राने ती समजूत पुष्कळदा खोटी ठरविली आहे. ताप आणि रक्ताभिसरणाची दुरवस्था अशा स्थितीत आलेल्या मुलाला शिरेवाटे झपाट्याने भरपूर सलाइन द्यावे, हा उपचार आम्ही वर्षानुवर्षे निःशंकपणे करीत होतो. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानिया ह्या देशांतील तीन हजारांहून अधिक मुलांवर ह्याची पद्धतशीर कसोटी घेण्यात आली. झपाट्याने सलाइन दिलेल्या मुलांपैकी पहिल्या दोन दिवसांत शंभरात साडेदहा मुले दगावली. न दिलेल्यांत सात. ती रुग्णालये साधी होती, श्वसनयंत्रे तेथे जवळजवळ नव्हती, आणि जुलाबांनी शोष पडलेल्या मुलांना ह्या पाहणीत घेतलेले नव्हते. अशा मुलांना क्षारसाखरेचे पाणी द्यावयाचेच, हे विसरता कामा नये. परंतु जे सर्वांना उघड दिसत होते, तेही तपासून पाहावे लागते, हा धडा जगाने त्या मुलांकडून घेतला. पुढे २०१६ साली बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडा येथील १४४० मुलांच्या पाहणीत असेच काहीसे दिसून आले. शिरेवाटे पोषण देण्याची पहिल्या दिवसापासून घाई न करता ते आठवडाभर लांबविले, तर मुलांना नवे जंतुसंसर्ग कमी झाले आणि ती कक्षातून लवकर बाहेर पडली.

कमी साधनांतही पुष्कळ करता येते, ह्याचा दाखला ढाक्याचा आहे. न्यूमोनिया झालेल्या मुलाची फुप्फुसे श्वास सोडताना मिटू नयेत, म्हणून हवेचा किंचित दाब सतत ठेवावा लागतो. ह्यासाठी महागडे यंत्र असते. डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती ह्यांनी नळीचे टोक पाणी भरलेल्या शाम्पूच्या बाटलीत बुडविले. बाटलीत बुडबुडे उठू लागले आणि हवा तो दाब मिळाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत नेहमीच्या पद्धतीने प्राणवायू दिलेल्या मुलांपैकी शंभरात पंधरा दगावली. बुडबुड्यांच्या पद्धतीने दिलेल्यांत चार. मात्र ही किमया केवळ बाटलीची आहे, असे कोणी समजू नये. तेथे शिकलेल्या परिचारिका आणि डॉक्टर त्या मुलांवर सतत नजर ठेवून होते.

आता एक कबुली द्यावयाची आहे. फार वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होतो. भेटीची वेळ संपली, की आई-वडिलांना बाहेर घालविणे हेही माझे काम असे आणि ते मी चोख करीत असे. एके सकाळी एक बाई निघता निघता दारात थबकली आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आज ह्याचं रडणं निराळं आहे.” मी तक्त्यावर नजर टाकली. ताप, नाडी, श्वास, सारे कालच्याचसारखे होते. मी म्हणालो, “बाई, तुम्ही बाहेर बसा. आम्ही आहोत ना इथे.” ती बसली. संध्याकाळी त्या मुलाचा श्वास खालावला आणि रात्री त्याला श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. मूल वाचले. परंतु जे कदाचित सकाळी थोडक्यात निभावले असते, त्यासाठी त्याला आठ दिवस नळ्यांत जखडून राहावे लागले. ती बाई मला एका शब्दानेही बोलली नाही. तिने बोल लावला असता, तर ते मला सोसणे अधिक सोपे गेले असते.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, हे मला पुढे कळले. पण त्याने ती लहान होत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी रुग्णालयात जंतुदोषाने दगावली. आई-वडील तिच्या प्रकृतीविषयी काळजी बोलून दाखवीत होते. तिला वेळेवर अतिदक्षता विभागात हलविण्यात आले नाही. हलविले असते, तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. तिच्या आई-वडिलांच्या प्रयत्नांमुळे २०२४ पासून तेथील रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला. मुलाची प्रकृती ढासळत आहे असे आई-वडिलांना वाटले, तर त्यांना दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला थेट बोलावून घेण्याचा अधिकार ह्या नियमाने दिला. माझ्या त्या बाईपाशी असा अधिकार नव्हता. तिच्यापाशी फक्त एक वाक्य होते, आणि ते मी ऐकले नाही.

ह्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. मूल वाचले म्हणजे आमचे काम संपले, असे आम्ही मानीत होतो. परंतु वाचलेली काही मुले घरी गेल्यावरही दुर्बळ राहतात. कोणी रात्री दचकून उठते, कोणाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, कोणी चालावयास पुन्हा शिकते. आई-वडिलांच्या मनावरचे ओरखडेही लवकर बुजत नाहीत. म्हणून आता गुंगीचे औषध शक्य तितके थोडे द्यावे, दिवसा उजेड आणि रात्री काळोख राखावा, जमेल तितक्या लवकर मुलाचे हातपाय हलवावेत, आणि मुख्य म्हणजे आईला किंवा वडिलांना जवळ बसू द्यावे, असा आग्रह जगभर धरला जात आहे. ओळखीचा आवाज आणि कपाळावरून फिरणारा हात ह्यांना आता उपचारांत स्थान मिळाले आहे. आणि जे मूल आमच्या हातून निसटणारच असते, त्याचा शेवटचा श्वास आईच्या कुशीत जावा, एवढे तरी आपल्याला निश्चित करता येते. त्याला यंत्र लागत नाही.

पण हे सारे दाराआतले झाले. आपणांपैकी पुष्कळ जण अशा दारापासून कित्येक कोस दूर राहतात, आणि मुलाचे दैव बहुतेक वेळा त्या वाटेवरच ठरते. म्हणून काही खुणा घरोघरी माहीत असाव्यात. मूल अंगावर पिईना किंवा पाणी घेईना, घेतलेले सारे ओकून टाकू लागले, त्याला झटके आले, ते सुस्त पडले किंवा हाक मारून जागे होईना, तर सकाळची वाट पाहू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तीही धोक्याचीच खूण. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ वा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे पन्नास वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस वा अधिक भरले, तर डॉक्टरांस दाखवावे. आणि मुलाला रुग्णालयात न्याल, तेव्हा त्याचे वजन, दिलेली औषधे आणि शेवटची लघवी केव्हा झाली, एवढे सांगता आले तरी आमचे अर्धे काम होते.

कोपनहेगनच्या त्या मुलांना ज्या रोगाने ग्रासले, त्याचा रानटी विषाणूमुळे झालेला आपल्या देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. दीड हजार विद्यार्थ्यांनी पिशव्या दाबून जे साधले, त्याहून मोठे काम लसीच्या दोन थेंबांनी केले. जे आजार असे टाळता येतात, ते आधी टाळले पाहिजेत. जे टाळता येत नाहीत, त्यांच्यासाठी चांगली यंत्रे हवीत, शिकलेल्या आणि पुरेशा परिचारिका हव्यात, धुतलेले हात हवेत.

आणि खाटेशेजारी एक खुर्ची हवी. दाराबाहेरच्या बाकावरील त्या बाईला मी आज आत बोलावीन, त्या खुर्चीवर बसवीन, आणि विचारीन, “बाई, आज ह्याचं रडणं कसं आहे?”