शेवट ठाऊक असलेली गोष्ट

रहस्यकथेचा आनंद शेवट ठाऊक नसण्यांत असतो, अशी आपली सर्वांची समजूत आहे. कोणीं शेवटचें पान आधींच वाचून दाखविलें, तर आपण त्याच्यावर रागावतों. तरीहि आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें, त्या गोष्टीचा शेवट पहिल्या दिवसापासून प्रेक्षकांना ठाऊक होता. आणि असें असूनहि प्रत्येक नव्या भागानंतर ते तिच्यावर तावातावानें वाद घालीत असत. ती गोष्ट म्हणजे 'एन्डेव्हर' ही इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिका.

माझी मुलगी व जावई पुण्यास राहतात. शनिवारीं रात्रीं त्यांच्या दिवाणखान्यांत शेजारचीं चार-पांच माणसें जमत, एक भाग पाहत, आणि मग चहा घेत त्यावर चर्चा करीत. मी केवळ मॅट्रिक. इंग्रजांचे उच्चार माझ्या कानांना झेपत नाहींत. पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या अक्षरांच्या आधारानें मी पाहतों. सुरुवातीस मी सोबत म्हणून बसलों. पुढें पुढें मात्र मला मालिकेइतकीच त्या चर्चेचीहि गोडी लागली.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगतों. कॉलिन डेक्स्टर नांवाचे एक गृहस्थ ग्रीक-लॅटिनचे शिक्षक होते. बहिरेपणामुळें त्यांना शिकविणें सोडावें लागलें आणि १९६६ सालीं ते ऑक्सफर्डच्या परीक्षा-मंडळांत नोकरीस लागले. शब्दकोडीं सोडविण्याचा त्यांना मोठा नाद. १९७५ सालीं त्यांची पहिली कादंबरी निघाली आणि तींत इन्स्पेक्टर मोर्स हा ऑक्सफर्डचा पोलीस-अधिकारी अवतरला. हा मोर्स अविवाहित, तिरसट, संगीताचा व बिअरचा भोक्ता. खुनाचा तपास करणारा, पण प्रेत पाहतांच ज्याला मळमळतें असा. अशा तेरा कादंबऱ्या झाल्या. १९८७ ते २००० या काळांत तेहेतीस भागांची मालिका निघाली आणि जॉन थॉ या नटानें मोर्स घराघरांत पोहोंचविला. १९९९ च्या शेवटच्या कादंबरींत डेक्स्टरनीं मोर्सला मृत्यु दिला. पुढल्याच वर्षीं तो मृत्यु पडद्यावरहि आला, आणि २००२ सालीं जॉन थॉ स्वतः निवर्तले. नायक गेला आणि नटहि गेला.

आतां गोष्ट पुढें नेणें शक्य नव्हतें. तेव्हां ती मागें नेली. २ जानेवारी २०१२ रोजीं, जुन्या मालिकेस पंचवीस वर्षें होत आलीं असतां, रसेल ल्यूइस या लेखकानें तरुण मोर्सची पूर्वकथा पडद्यावर आणली. काळ १९६५ चा. विद्यापीठांतून पदवी न घेतांच बाहेर पडलेला एक तरुण शिपाई एका हरवलेल्या शाळकरी मुलीच्या तपासासाठीं ऑक्सफर्डला येतो. शॉन इव्हान्स हा तो तरुण. पुढें २०२३ पर्यंत या मालिकेचे छत्तीस भाग झाले. तिच्या नांवांतहि एक गंमत आहे. मोर्स आपलें पाळण्यांतलें नांव आयुष्यभर लपवीत असे. १९९६ च्या कादंबरींत तें उघड झालें. बापाला कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजाचें कौतुक आणि आई क्वेकर पंथाची, म्हणून मुलाचें नांव 'एन्डेव्हर', म्हणजे 'प्रयत्न'! म्हाताऱ्यानें जें लपविलें, तेंच तरुणाच्या कथेचें शीर्षक झालें.

पहिल्या भागाच्या अखेरीस मोटारींतील आरशांत तरुण मोर्स पाहतो आणि त्याला दिसतात ते जॉन थॉचे वृद्ध डोळे. एका वृत्तपत्राची संपादिका त्याला प्रथम भेटते, तेव्हां आपण पूर्वीं कधीं भेटलों आहों कां, असें विचारते. ती भूमिका करणारी नटी ही जॉन थॉची कन्या आहे. असा एखादा धागा सांपडला कीं आमच्या शेजारच्या वहिनी चहाचा कप तसाच हातांत धरून टाळी देत.

पण खरी चर्चा असे ती वेगळीच. माझा जांवई सांगे, "जुन्या मालिकेचा हजेरीपट समोर ठेवा." त्याचें म्हणणें असें : जिम स्ट्रेंज हा तरुण शिपाई मरणार नाहीं, कारण तो पुढें मोर्सचा वरिष्ठ झालेला आपण पाहिला आहे. प्रेतपरीक्षा करणारे डॉक्टर डी-ब्रिन हेहि सुरक्षित. पण ज्यांचें नांव जुन्या कथेंत कोठेंच नाहीं, त्यांचें काय? त्यांत सर्वांत पहिलें नांव फ्रेड थर्सडे याचें.

हा थर्सडे म्हणजे मोर्सचा गुरु. रॉजर ॲलम या नटानें तो उभा केला आहे. टोपी घालणारा, मुलाबाळांचा, सरळ माणूस. घरीं आला कीं टोपी खुंटीला अडकवितो आणि तिच्यासंगें दिवसभरांतलें सारें पापहि तेथेंच ठेवतो. घरांत त्याचा शब्द नाहीं. बायको त्याला रोज सँडविच बांधून देते आणि वारावरून त्यांत काय असेल तें मोर्स अचूक ओळखतो. प्रेत पाहून डगमगलेल्या या पोराला पहिली बिअर पाजतो तो थर्सडेच. एप्रिल २०१४ मधील भागाच्या शेवटीं थर्सडेच्या छातींत गोळी शिरली आणि मोर्स खोट्या आरोपाखालीं गजाआड गेला. पुढचा भाग आला तो जानेवारी २०१६ मध्यें! मोर्स सुटणार हें सर्वांना ठाऊक होतें. थर्सडेचा मात्र हजेरीपटांत पत्ता नव्हता. आमच्या घरीं दोन भागांमध्यें सातच दिवस गेले, पण त्या सात दिवसांत मुलगी दोनदां म्हणाली, "बाबा, थर्सडे वांचेल ना हो?"

श्रोतेहो, शेवट ठाऊक असल्यानें उत्कंठा संपत नाहीं. ती जागा बदलते, एवढेंच. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतें कीं राम वनांतून परत येणार आहे. तरीहि दशरथाच्या तोंडून वर निघतांना श्रोत्यांचे डोळे भरून येतात. काय होणार हें विचारण्याचें कारण उरत नाहीं, तेव्हां कसें झालें आणि त्याची किंमत कोणीं दिली, हें आपण विचारूं लागतों.

थर्सडे वांचला. पण त्यामुळें प्रश्न सुटला नाहीं, उलट वाढला. वरच्या मजल्यावरची एक महाविद्यालयांत जाणारी मुलगी एका रात्रीं चिडून म्हणाली, "ज्यानें याला घडविलें, त्याचें नांव हा मोर्स पुढें तेहेतीस भागांत एकदांहि घेत नाहीं. कृतघ्न आहे!" जांवयानें शांतपणें सांगितलें, "अग, थर्सडे हें पात्रच २०१२ सालीं जन्माला आलें. १९८७ चा मोर्स त्याचें नांव घेणार कसा?" उत्तर बिनतोड होतें, आणि तें कोणालाहि पटलें नाहीं. माणसें पात्रांना एकदां आपलीं म्हणूं लागलीं, कीं लेखकाची सोय हें कारण त्यांना पुरत नाहीं.

मला तर तो प्रश्न फारच लागला. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला तो लागणारच. मोठे झालेले कितीक विद्यार्थी आपलें नांव कोठें घेत नाहींत, हें शल्य प्रत्येक शिक्षकाच्या मनांत असतें. कोणी बोलून दाखवितो, कोणी नाहीं. मी मनांतून त्या मुलीच्या बाजूचा झालों.

पुढें शेवटचा भाग आला. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांची क्षमा मागून सांगतों. १२ मार्च २०२३ रोजीं ब्रिटनमध्यें दाखविलेल्या या भागाचें नांव लॅटिन होतें, 'एक्सियुंट', म्हणजे 'सारे रंगमंचावरून जातात'. आपल्या मुलाला वांचवितांना थर्सडेच्या हातून एक माणूस मेला होता. मोर्सच्या तें ध्यानांत येतें. ज्यानें सत्य शोधण्यास शिकविलें, त्याच्याचविषयींचें सत्य हातीं येतें. आणि मोर्स तें गिळतो. थर्सडे ऑक्सफर्ड सोडून जातो. त्याचें नांव पुन्हां न उच्चारणें हीच मोर्सनें दिलेली गुरुदक्षिणा ठरते. तो न्याय झाला कीं अन्याय, यावर आमच्याकडे रात्रीं एक वाजेपर्यंत वाद चालला. मेलेल्या माणसाच्या बाजूनें बोलणारी ती एकटी मुलगीच होती, आणि तिचें म्हणणें सोडून देण्यासारखें नव्हतें, हें मी कबूल करतों.

मी त्या वादांत बोललों नाहीं. मला माझें पहिलें वर्ष आठवत होतें. वार्षिक परीक्षेचे गुण निकालपत्रकांत उतरतांना माझी एक ओळ चुकली आणि उत्तीर्ण झालेला एक मुलगा नापास ठरला. त्याचे वडील संतापून शाळेंत आले. आमच्या मुख्याध्यापकांनीं त्यांना सांगितलें, "चूक माझी आहे. न तपासतां सही मीं केली." वरून आलेला ठपकाहि त्यांनींच घेतला. मला एवढेंच म्हणाले, "ओळीखालीं पट्टी धरून आंकडे उतरावेत." त्यानंतर पस्तीस वर्षें मीं पट्टी धरल्यावांचून एक आंकडा उतरला नाहीं. नव्या शिक्षकांनाहि तेंच शिकविलें. पण हें कोणाकडून शिकलों, हें मीं कधींच कोणाला सांगितलें नाहीं. कारण त्यांचें नांव घ्यावयाचें म्हणजे माझी चूक सांगावयाची.

आणि मला वाटलें, वृद्ध मोर्सनें थर्सडेचें नांव घेतलें नाहीं हें खरें. पण कितीक भागांत त्याच्या हातीं बिअरचा पेला होता. तो कोणीं प्रथम दिला होता, हें पूर्वकथेनें आपल्याला उशिरां सांगितलें, इतकेंच. शिष्याच्या तोंडीं गुरूचें नांव नसेल, तरी हातांत त्याची पट्टी असूं शकते. माझ्या विद्यार्थ्यांविषयींची तक्रार मी त्या रात्रींपासून सोडली आहे.

ही हकीकत मीं त्या मंडळींना सांगितली, तेव्हां ती मुलगी म्हणाली, "गुरुजी, हें तुम्हीं त्या मुख्याध्यापकांना कधीं सांगितलेंत कां?"

नाहीं सांगितलें. ते जाऊन फार वर्षें झालीं. मोर्सला मौन पाळण्यास कारण होतें. माझ्याजवळ केवळ संकोच होता. ज्यांना अद्यापि कोणाला कांहीं सांगावयाचें राहिलें असेल, त्यांनीं तें वेळेवर सांगावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.