दातांची साक्ष आणि जन्माची नोंद



१८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कारखाना कायदा केला. बहुतेक कापडगिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली. ९ ते १३ वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला ९ तासांवर आले. परंतु मुलाचे वय ठरवावे कसे? तेथे जन्माची सरकारी नोंदणी १८३७ पर्यंत सुरूच झाली नव्हती. उंची पाहून वय ठरविले जाई. त्यामुळे अंगाने थोराड मूल अकाली यंत्रापाशी उभे राही. १८३७ मध्ये एडविन साँडर्स या दंतवैद्याने सुमारे १,००० मुलांचे दात तपासून उंचीपेक्षा दातांची साक्ष अधिक विश्वसनीय असल्याचे दाखवून दिले.

त्याला शास्त्रीय आधार आहे. कुपोषणाने हाडांची वाढ जितकी खुंटते, तितकी दातांची खुंटत नाही. साधारणतः सहाव्या महिन्यात दुधाचा पहिला दात दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांत २० दात पूर्ण होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी. हिरडीबाहेर आलेल्या दातापेक्षा जबड्यात घडत असलेला दात अधिक माहिती देतो. १९७३ मध्ये डेमिर्जियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण चित्रांवरून खालच्या जबड्यातील डावीकडच्या ७ दातांच्या घडणीचे ८ टप्पे ठरविले. ही पद्धत कॅनडातील फ्रेंच वंशाच्या मुलांवर बेतलेली असल्याने अन्यत्र ती तारतम्यानेच वापरावी लागते.

तथापि दात वयाचा अंदाज देतात, जन्मतारीख देत नाहीत. सोळाव्या वर्षाच्या सुमारास या सातही दातांची घडण पूर्ण होते. मागे उरते ती अक्कलदाढ. ती तर अत्यंत अनियमित, कित्येकांना येतही नाही. कायद्याची रेषा मात्र नेमकी १८ व्या वर्षावर आहे. आरोपी मुलाने बाल न्याय मंडळापुढे उभे राहावे की प्रौढांच्या न्यायालयापुढे, हे काही महिन्यांच्या फरकावर ठरू शकते. आणि तेवढा फरक दाताला सांगता येत नाही.

म्हणूनच बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ ने वयाच्या पुराव्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र प्रथम ठेवले. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी.

नाव दाखल करताना सोयीसाठी १ जून ही तारीख लिहिण्याची जुनी रीत शाळांना परिचित आहे. ती सोयीची तारीख पुढे न्यायालयात पुरावा ठरते. जन्माची खबर २१ दिवसांत देण्याची तरतूद १९६९ च्या कायद्याखालील नियमांत आहे. ती वेळेवर दिली गेली आणि शाळेने त्या दाखल्यावरूनच तारीख लिहिली, तर त्या मुलाला आपले वय सिद्ध करण्यासाठी कधी तोंड उघडून दाखवावे लागणार नाही.